समन्वय आणि न्याय : सोलापूरच्या ‘सेटलमेंट’च्या संदर्भात फौजदारी यंत्रणांच्या परस्परसंबंधांचा ऐतिहासिक अभ्यास

सारांश :

पोलीस, दंडाधिकारी, न्यायालय, कारागृह आणि पुनर्वसन यंत्रणा यांनी परस्परांच्या सहकार्याने काम करावे, अशी अपेक्षा फौजदारी न्यायव्यवस्थेच्या सुधारणेसंबंधी होणाऱ्या प्रत्येक चर्चेत व्यक्त केली जाते. प्रस्तुत शोधनिबंधात गुन्हेगार जमाती कायद्याखाली सोलापूर येथे उभ्या राहिलेल्या वसाहतीचा, म्हणजेच ‘सेटलमेंट’चा, या दृष्टीने विचार केला आहे. या वसाहतीत शासन, पोलीस, मिशन, कापडगिरण्या आणि शाळा यांचा समन्वय उल्लेखनीय होता. परंतु व्यक्तीला गुन्हेगार ठरविण्याच्या टप्प्यावर न्यायालयाला स्थान नव्हते. यंत्रणांचा समन्वय न्यायाला पोषक ठरतो की मारक, हे त्या साखळीत न्यायालयाचे स्थान कोठे आहे यावर अवलंबून असते, असे या निबंधाचे प्रतिपादन आहे.

बीजसंज्ञा : गुन्हेगार जमाती कायदा, सेटलमेंट, विमुक्त जमाती, सोलापूर, फौजदारी न्यायव्यवस्था, समन्वय.

१. प्रस्तावना

फौजदारी न्यायव्यवस्था ही एकसंध संस्था नाही. गुन्ह्याची नोंद व तपास पोलिसांकडे, अभियोग चालविणे सरकारी वकिलांकडे, दोषनिश्चिती न्यायालयाकडे, शिक्षेची अंमलबजावणी कारागृहाकडे आणि सुटकेनंतरचे पुनर्वसन समाजकल्याण यंत्रणेकडे, अशी कामाची विभागणी आपल्या परिचयाची आहे. या यंत्रणांमध्ये मेळ नसल्यामुळे खटले रेंगाळतात, पुरावे हरवतात आणि निरपराध माणसे कच्च्या कैदेत खितपत पडतात, ही तक्रारही जुनीच आहे. त्यामुळे ‘समन्वय’ हा शब्द आपण सहसा निर्विवाद गुणवाचक म्हणून वापरतो.

इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र या गृहीतकाकडे थोडे सावधपणे पाहणे आवश्यक आहे. ब्रिटिश अमदानीत मुंबई इलाख्यात असा एक प्रयोग झाला, की ज्यामध्ये वेगवेगळ्या यंत्रणांचा मेळ अत्यंत पद्धतशीरपणे घालण्यात आला होता. त्या प्रयोगाचे एक मोठे केंद्र सोलापूर होते. शहरातील ‘सेटलमेंट’ आणि ‘सेटलमेंट फ्री कॉलनी’ ही नावे आजही लोकांच्या पत्त्यांत आहेत. रोज उच्चारल्या जाणाऱ्या या नावांमागे कोणती शासनव्यवस्था उभी होती, याचा विचार आपल्या महाविद्यालयीन अभ्यासात फारसा होत नाही. सोलापूरचा आधुनिक इतिहास म्हटला की गिरण्या, हातमाग आणि १९३० चा लष्करी कायदा यांचीच चर्चा प्रामुख्याने होते. या तीनही विषयांच्या शेजारीच तारेच्या कुंपणातील ही वस्ती होती, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

प्रस्तुत निबंधाची उद्दिष्टे मर्यादित आहेत. पहिले म्हणजे, गुन्हेगार जमाती कायद्याखाली यंत्रणांची साखळी कशी बांधली गेली, हे पाहणे. दुसरे, सोलापूरच्या वसाहतीत ती प्रत्यक्षात कशी चालली, याचा परामर्श घेणे. तिसरे, या अनुभवातून आजच्या समन्वयाच्या प्रयत्नांना कोणता निकष लावता येईल, याचा विचार करणे.

२. कायद्याची घडण : अधिसूचनेपासून नोंदवहीपर्यंत

गुन्हेगार जमातींसंबंधीचा पहिला कायदा १८७१ मध्ये संमत झाला. आरंभी तो पंजाब, वायव्य प्रांत आणि अयोध्या या भागांपुरता होता. मुंबई इलाख्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो १९११ चा कायदा. त्यायोगे ही व्यवस्था देशभर लागू करण्याची सोय झाली आणि प्रांतिक सरकारांच्या अधिकारांत मोठी वाढ झाली. पुढे १९२४ मध्ये मूळ कायदा व नंतरच्या दुरुस्त्या एकत्र करून नवा कायदा करण्यात आला व तोच रद्द होईपर्यंत अमलात राहिला.

कायद्याची कार्यपद्धती क्रमाने समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यातच पुढील सर्व गोष्टींचे बीज आहे. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग पद्धतशीरपणे अजामीनपात्र गुन्हे करण्यास सोकावलेला आहे असे मानण्यास प्रांतिक सरकारला कारण वाटले, तर अधिसूचना काढून सरकार त्या जमातीस ‘गुन्हेगार जमात’ म्हणून घोषित करू शकत असे. त्यानंतर जिल्हा दंडाधिकाऱ्याला त्या जमातीतील व्यक्तींची नोंदवही तयार करण्याचा आदेश देता येई. नोंदणीसाठी हजर होणे, माहिती देणे आणि बोटांचे ठसे देणे त्या व्यक्तींवर बंधनकारक होते. तयार झालेली नोंदवही पोलीस अधीक्षकाच्या ताब्यात राही. नोंद झालेल्या माणसाला ठरावीक वेळी हजेरी द्यावी लागे, किंवा राहण्याचे ठिकाण व त्यातील बदल कळवावे लागत. त्याहून पुढची पायरी म्हणजे विशिष्ट क्षेत्रात वास्तव्याचे बंधन, आणि अखेरची पायरी म्हणजे वसाहतीत रवानगी. मुलांना आईवडिलांपासून वेगळे करून औद्योगिक किंवा सुधारणा शाळेत ठेवण्याचीही तरतूद होती.

शिक्षेच्या तरतुदी सर्वसाधारण कायद्याहून कडक होत्या. अनुसूचीतील विशिष्ट गुन्ह्यासाठी एकदा शिक्षा झालेल्या सदस्यास दुसऱ्यांदा दोषी ठरल्यास किमान सात वर्षांची कैद आणि तिसऱ्यांदा जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा, असे त्याचे सामान्य स्वरूप होते. नोंदलेली व्यक्ती चोरीच्या वा जबरी चोरीच्या बेतात असल्याचे न्यायालयाला परिस्थितीवरून वाटले, तर तेवढ्यावरूनही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकत असे. नेमून दिलेल्या हद्दीबाहेर परवान्याशिवाय आढळल्यास पोलीसच काय, गावचा पाटील किंवा जागल्याही तिला वॉरंटाशिवाय पकडू शकत होता. गावकामगारांवर व जमीनमालकांवर अशा व्यक्तींच्या हालचालींची खबर देण्याचे कर्तव्य टाकण्यात आले होते.

या सर्व तरतुदींत सर्वांत दूरगामी ठरलेली तरतूद वेगळीच आहे. जमातीस गुन्हेगार ठरविणाऱ्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयास तपासता येणार नाही, अशी मनाई खुद्द कायद्यातच होती. अधिसूचना निघाली हाच ती रीतसर निघाल्याचा निर्णायक पुरावा मानला जाई. नोंदवहीत आपले नाव चुकीने आले आहे असे कोणाला वाटल्यास तक्रार करण्याची सोय होती. पण ती तक्रार करावयाची होती जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे ज्याच्या आदेशाने नोंदवही तयार झाली त्याच अधिकाऱ्याकडे. जिल्हा दंडाधिकारी हाच जिल्ह्याचा कलेक्टरही असे, आणि मुंबई जिल्हा पोलीस कायदा, १८९० अन्वये पोलीस अधीक्षकही त्याच्याच नियंत्रणाखाली काम करी. महसूल, पोलीस आणि दंडाधिकार यांची सूत्रे अशा रीतीने एकाच हाती होती.

३. सोलापूरची निवड

मुंबई इलाख्यात या कायद्याची अंमलबजावणी ओ. एच. बी. स्टार्ट या सनदी अधिकाऱ्याच्या नावाशी जोडलेली आहे. विजापूर येथे त्यांनी आरंभिलेल्या कामातून वसाहतींची कल्पना विस्तारत गेली. पुढे ‘गुन्हेगार जमाती वसाहत अधिकारी’ असे स्वतंत्र पद निर्माण झाले आणि विजापूर, हुबळी, गदग, बारामती, सोलापूर अशा ठिकाणी वसाहती उभ्या राहिल्या. त्यांपैकी सोलापूरची वसाहत मोठ्या वसाहतींमध्ये गणली जाई. कैकाडी, पारधी, कंजारभाट, टकारी, मांग-गारुडी इत्यादी समाजांतील कुटुंबे तेथे आणण्यात आली.

सोलापूरच्या निवडीमागे दोन कारणे स्पष्टपणे दिसतात. पहिले कारण भौगोलिक होय. सोलापूर जिल्ह्याच्या पूर्वेस निजामाचा मुलूख, लगतच अक्कलकोट संस्थान, दक्षिणेस विजापूर जिल्हा आणि मधून जाणारा मुंबई-मद्रास लोहमार्ग अशी रचना होती. वेगवेगळ्या हद्दी जेथे एकमेकींना भिडतात तेथे फिरत्या समाजांवर पाळत ठेवणे पोलिसांना अवघड जाते. माणसांचा माग काढत हद्दी ओलांडण्याऐवजी माणसांनाच एका जागी बांधून ठेवावे, हा विचार प्रशासनाला सोयीचा वाटला. मुळात मीठ, धान्य, टोपल्या, चटया, जनावरे यांच्या व्यापारावर वा कारागिरीवर जगणाऱ्या अनेक भटक्या समाजांचे पारंपरिक व्यवसाय रेल्वे, जंगल कायदे आणि बदललेली बाजारपेठ यांमुळे मोडकळीस आले होते. भटकणे हेच त्यांच्या उपजीविकेचे साधन होते आणि शासनाच्या दृष्टीने तेच संशयाचे कारण ठरले.

दुसरे कारण औद्योगिक होय. १८७७ मध्ये सुरू झालेल्या सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग मिलपासून, म्हणजेच लोकांच्या भाषेतील जुन्या मिलपासून, शहरात कापडगिरण्यांची वाढ झाली. नरसिंगगिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम या गिरण्यांनी सोलापूरला मुंबई-अहमदाबादच्या पाठोपाठचे स्थान मिळवून दिले. गिरण्यांना मजूर हवे होते आणि वसाहतीला रोजगार हवा होता. शासनाला वसाहतीचा खर्च आटोक्यात ठेवावयाचा होता. या तिन्ही गरजा सोलापुरात एकाच ठिकाणी जुळल्या.

४. यंत्रणांची साखळी

सोलापूर वसाहतीच्या व्यवस्थापनाचे काम सुरुवातीच्या काळात अमेरिकन मराठी मिशनकडे होते. १८१३ पासून महाराष्ट्रात कार्यरत असलेल्या या मिशनचा शिक्षण व वैद्यकीय सेवेचा अनुभव शासनाला उपयुक्त वाटला. उमेदपूर हे वस्तीचे नावच त्या काळच्या सुधारणावादी आशेचे निदर्शक आहे. खाजगी धर्मादाय संस्थेकडे कायद्याने बंदिस्त केलेल्या लोकांची जबाबदारी सोपविणे, ही त्या काळी एकट्या सोलापूरपुरती गोष्ट नव्हती. मद्रास इलाख्यात व उत्तर भारतात साल्व्हेशन आर्मीने अशाच वसाहती चालविल्या. १९१९-२० च्या भारतीय तुरुंग समितीनेही तुरुंगांबरोबर या वसाहतींचा स्वतंत्र विचार केला होता. तुरुंग आणि वसाहत यांच्यातील नाते शासनाच्या मनात किती निकटचे होते, हे त्यावरून कळते.

या साखळीतील प्रत्येक घटकाचे काम ठरलेले होते. प्रांतिक सरकारने जमात घोषित करावयाची, जिल्हा दंडाधिकाऱ्याने नोंदवही तयार करावयाची, पोलिसांनी ती सांभाळून ठशांच्या आधारे ओळख पटवावयाची. वसाहत अधिकाऱ्याने कुटुंबांना वसाहतीत ठेवावयाचे, व्यवस्थापकाने हजेरी घ्यावयाची व बाहेर जाण्याचे पास द्यावयाचे. गिरणीने काम द्यावयाचे, शाळेने मुलांना शिस्त व अक्षरओळख द्यावयाची. कुंपणाबाहेर पास नसलेला माणूस दिसला तर पाटील-जागल्याने त्यास धरून पोलिसांच्या हवाली करावयाचे. चांगल्या वर्तनाचा काळ गेल्यावर कुटुंबास कुंपणाबाहेरच्या ‘फ्री कॉलनी’त राहण्याची सवलत मिळे. ‘फ्री’ हा शब्द येथे सापेक्ष अर्थानेच घ्यावा लागतो. कुंपण सुटले तरी नोंदवहीतील नाव सुटत नसे.

प्रशासनाच्या दृष्टीने पाहता ही रचना कार्यक्षम होती. माहिती एका यंत्रणेकडून दुसरीकडे विनाअडथळा जाई. गिरणीतील गैरहजेरी ही केवळ मुकादमाची बाब न राहता वसाहतीच्या शिस्तीचीही बाब होई. शाळेत मूल आले नाही, तर तो पालकांच्या वर्तनाचा भाग मानला जाण्याची शक्यता होती. ज्या कामगाराला पास मिळाल्याशिवाय गाव सोडता येत नाही, त्याला मजुरीविषयी मालकाशी घासाघीस करण्यास वाव राहत नाही, हे उघड आहे. कल्याण, रोजगार आणि पहारा यांच्या सीमारेषा येथे पुसल्या गेल्या होत्या.

या व्यवस्थेची दुसरी बाजूही नोंदविली पाहिजे. वसाहतीमुळे अनेक कुटुंबांना स्थिर मजुरी, दवाखाना व शाळा मिळाली. त्यांच्या पुढील पिढ्यांतून कुशल गिरणी कामगार, शिक्षक, कर्मचारी व कार्यकर्ते निर्माण झाले. स्टार्ट यांच्यासारख्या अधिकाऱ्यांच्या हेतूविषयी सरसकट शंका घेणे योग्य होणार नाही. त्यांच्याच अध्यक्षतेखालील अस्पृश्य व आदिवासी वर्गांविषयीच्या समितीने १९३० मध्ये अहवाल सादर केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि ठक्करबाप्पा हे त्या समितीचे सदस्य होते. त्या अहवालानंतर मुंबई इलाख्यात मागासवर्गीयांसाठी स्वतंत्र खाते निर्माण झाले आणि स्टार्ट हेच त्याचे पहिले प्रमुख झाले. आजच्या समाजकल्याण विभागाची एक शाखा अशा प्रकारे वसाहत खात्याच्या मुळातून फुटली आहे.

तथापि हेतू चांगला असणे आणि व्यवस्था न्याय्य असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वसाहतीत जन्मलेल्या मुलाने कोणताही गुन्हा केलेला नसे. त्याची शाळा, त्याचे औषधपाणी, त्याचे पुढील काम ही सर्व सोय त्याच्या आईबापाच्या जातीवर मारलेल्या शिक्क्याचाच परिणाम होती. नागरिक म्हणून जे हक्काने मिळावयास हवे, ते येथे कैदेचा भाग म्हणून मिळत होते.

५. न्यायालयाचे स्थान

या साखळीत न्यायालय मुळीच नव्हते असे म्हणणे अचूक ठरणार नाही. हजेरी चुकविल्याचे, हद्द ओलांडल्याचे, संशयास्पद स्थितीत आढळल्याचे खटले न्यायालयापुढे येत आणि शिक्षाही होत. प्रश्न न्यायालय कोणत्या टप्प्यावर येते हा आहे. सर्वसाधारण फौजदारी प्रक्रियेत आधी आरोप, मग पुरावा, मग दोषनिश्चिती आणि त्यानंतर बंधन असा क्रम असतो. येथे बंधन आधी होते. बंधन मोडले की मगच न्यायालयाचा प्रवेश होई, आणि तेव्हाही ‘हे बंधन मुळात का?’ हा प्रश्न न्यायालयाला विचारता येत नसे. व्यक्ती हजर होती की नाही, पास होता की नाही, एवढीच तपासणी त्याच्या वाट्याला येई. परिणामी न्यायालय हे या व्यवस्थेवरील अंकुश न राहता तिचाच एक पूरक भाग बनले.

याचा आणखी एक परिणाम संभवतो. न्यायालयापुढे कधीच न तपासलेली बाब नोंदवहीत एकदा आली, की पुढची प्रत्येक यंत्रणा ती सिद्ध झालेली मानून चालते. पोलीस अधिसूचनेकडे बोट दाखवितात, वसाहत अधिकारी नोंदवहीकडे, गिरणी वसाहतीकडे आणि दंडाधिकारी पोलिसांकडे. प्रत्येकजण आपले काम नियमानुसार करतो. तरी मूळ आरोपाची जबाबदारी कोणावरच राहत नाही. यंत्रणा जितक्या घट्ट बांधलेल्या, तितकी मूळची चूक दुरुस्त होण्याची शक्यता कमी.

६. १९३० : एका शहरातील दोन बंदोबस्त

या मुद्द्याचे महत्त्व सोलापूरच्याच दुसऱ्या अनुभवाशी तुलना केल्यास अधिक स्पष्ट होते. ५ मे १९३० रोजी महात्मा गांधींना अटक झाल्यानंतर शहरात मोठा प्रक्षोभ उसळला. ८ मे रोजी गोळीबार झाला, पोलीस चौकी जाळली गेली, पोलीस मारले गेले आणि काही दिवस शहरातील सरकारी अंमल जवळजवळ संपुष्टात आला. १२ मे पासून लष्करी कायदा जारी झाला आणि तो ३० जूनपर्यंत, म्हणजे सुमारे सात आठवडे, चालला. त्यास आधार देण्यासाठी व्हाइसरॉयने खास वटहुकूम काढला. पुढे पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आले. त्यांच्या बलिदानाची स्मृती शहराने चार हुतात्म्यांच्या रूपाने जपली आहे.

त्या काळातील दडपशाही कोणी नाकारणार नाही. तरीही एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. लष्करी कायद्याखाली झालेल्या शिक्षांचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे नेता आला आणि न्यायालयाला त्याचा विचार करावा लागला. चार हुतात्म्यांवर खटला चालला, अपील झाले, वकिलांनी बाजू मांडली, वृत्तपत्रांनी चर्चा केली, देशभर निषेध झाला. अन्याय झाला, परंतु तो अन्याय म्हणून नोंदविला गेला.

त्याच वेळी, त्याच शहरात, तारेच्या कुंपणात राहणाऱ्या माणसांसाठी असा कोणताही मार्ग नव्हता. लष्करी कायदा सात आठवडे टिकला. वसाहतीची व्यवस्था तीन दशकांहून अधिक काळ टिकली. पहिल्याला आपण आणीबाणी म्हणून ओळखतो, दुसरी मात्र दैनंदिन प्रशासन म्हणून खपून गेली. ज्या बंदोबस्ताचा गाजावाजा होत नाही आणि जो नित्याच्या कारभाराचे रूप घेतो, त्याचा इतिहास लिहिला जाण्याची शक्यताही कमी असते. सोलापूरच्या इतिहासलेखनातील ही उणीव आहे, असे नम्रपणे नमूद करावेसे वाटते.

७. कायदा रद्द, नोंद शिल्लक

या कायद्याविरुद्धचा आवाज स्वातंत्र्यपूर्व काळातच उठला होता. पंडित नेहरूंनी १९३६ मध्ये नेल्लोर येथे हा कायदा नागरी स्वातंत्र्याशी विसंगत असल्याचे स्पष्ट केले होते. मुंबई प्रांतात पहिले काँग्रेस मंत्रिमंडळ आल्यावर कन्हैयालाल मुन्शी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने कायद्याचा फेरविचार केला व १९३९ मध्ये अहवाल दिला. स्वातंत्र्यानंतर मुंबई प्रांताने १९४९ मध्ये आपल्यापुरता हा कायदा रद्द केला. अनंतशयनम अय्यंगार समितीच्या शिफारशीनंतर केंद्रीय पातळीवरही तो रद्द झाला आणि ३१ ऑगस्ट १९५२ हा दिवस विमुक्त दिन ठरला. मुंबई राज्यात या समाजांच्या प्रश्नांचा विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद सोलापूरचे स्वातंत्र्यसेनानी डॉ. अंत्रोळीकर यांच्याकडे होते, ही बाब येथे आवर्जून सांगितली पाहिजे.

जमातीला गुन्हेगार ठरविणारा कायदा गेला, तरी सराईत गुन्हेगारांविषयीचे कायदे आले. मुंबई राज्यात १९५९ चा सराईत गुन्हेगार कायदा झाला. तत्त्वतः हा बदल मोठा होता. आता जमात नव्हे, तर न्यायालयाने वारंवार शिक्षा दिलेली व्यक्ती कायद्याच्या कक्षेत येणार होती. व्यवहारात मात्र जुन्या नोंदवहीची सवय सुटली नाही. चोरी झाली की आधी विमुक्तांच्या वस्तीवर धाड, हा अनुभव अनेक दशके चालू राहिला. लक्ष्मण गायकवाड यांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला १९८८ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, तेव्हा मराठी वाचकाला या वास्तवाची जवळून ओळख झाली. सोलापूर ही कर्मभूमी असलेल्या बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल देऊन विमुक्त व भटक्या जमातींच्या प्रश्नाकडे देशाचे लक्ष वेधले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानेही सराईत गुन्हेगार कायदे रद्द करण्याची शिफारस केली आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात कारागृहांतील जातिभेदाविरुद्ध निर्णय दिला. अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांत विमुक्त जमातींच्या व्यक्तींना जन्मावरूनच सराईत गुन्हेगार समजण्याची वृत्ती शिल्लक असल्याचे न्यायालयाने दाखवून दिले आणि या समाजातील व्यक्तींना मनमानीपणे अटक होऊ नये, असे निर्देश पोलिसांना दिले. कायदा रद्द झाल्यानंतर बहात्तर वर्षांनी हे सांगावे लागले. नोंद कागदावरून पुसणे सोपे असते. यंत्रणांच्या सवयीतून ती पुसण्यास किती काळ लागतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणार नाही.

८. आजचा समन्वय

मुंबई राज्याने १९५१ च्या कायद्याने न्यायिक व कार्यकारी कामांची विभागणी केली. राज्यघटनेच्या पन्नासाव्या अनुच्छेदातील मार्गदर्शक तत्त्वाला अनुसरून झालेला हा बदल १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने देशभर दृढ केला. एकाच व्यक्तीने नोंद करावयाची आणि तिच्याविरुद्धची तक्रारही त्यानेच ऐकावयाची, या जुन्या रचनेला दिलेले ते घटनात्मक उत्तर होते.

आता पुन्हा यंत्रणा जवळ येत आहेत. पोलीस ठाणी, न्यायालये, कारागृहे, अभियोग विभाग आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळा यांची माहिती संगणकाद्वारे परस्परांना उपलब्ध करून देणारी आंतर-परिचालनीय फौजदारी न्यायप्रणाली उभी राहिली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कार्यवाहीस चालना दिली आहे. २०२२ च्या फौजदारी प्रक्रिया (ओळख) कायद्याने बोटांच्या ठशांपलीकडे जाऊन शारीरिक मापांची व्याप्ती वाढविली असून या नोंदी पंचाहत्तर वर्षे जतन करण्याची तरतूद केली आहे. खटला न चालता सुटका झाली किंवा आरोपी निर्दोष ठरला, तर नोंद नष्ट करण्याची सोयही त्यात आहे.

या सुधारणांची गरज नाकारण्याचे कारण नाही. कैद्याच्या जामिनाचा आदेश कारागृहापर्यंत वेळेत पोहोचावा, प्रयोगशाळेचा अहवाल न्यायालयात तारखेला मिळावा, यासाठी समन्वय अत्यावश्यकच आहे. आजची व्यवस्था आणि वसाहतकालीन व्यवस्था समान आहेत, असेही येथे सुचवावयाचे नाही. आज न्यायालयाचे दार उघडे आहे व मूलभूत हक्कांची हमी आहे. तथापि सोलापूरचा अनुभव काही प्रश्न विचारावयास शिकवितो. सामायिक नोंदीत नाव घालण्याचा अधिकार कोणाचा? त्या नोंदीस स्वतंत्र न्यायालयापुढे आव्हान देणे सामान्य माणसाला खरोखर परवडते का? आणि नोंद नष्ट करण्याची तरतूद असली, तरी ती वस्तीवरील निरक्षर माणसाच्या बाबतीत कोण अमलात आणतो? माहिती एका दालनातून दुसऱ्या दालनात जितक्या वेगाने जाते, तितक्याच वेगाने चुकीची दुरुस्तीही गेली पाहिजे.

९. निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. सोलापूरच्या वसाहतीतील अन्याय यंत्रणांच्या विसंवादातून उद्भवला नव्हता. तेथे शासन, पोलीस, मिशन, गिरणी व शाळा यांचा सुसंवाद होता आणि त्या सुसंवादानेच बंधन अभेद्य केले. त्या व्यवस्थेत कल्याणकारी अंश असले, तरी व्यक्तीच्या दोषाची न्यायालयीन तपासणी न झाल्याने ते अंशही बंधनाचे साधन बनले. न्यायालय साखळीच्या अखेरीस असणे पुरेसे नाही. बंधन घालण्याच्या क्षणीच त्याचे दार उघडे असले पाहिजे. समन्वयाची कोणतीही योजना या कसोटीवर तपासली जावी.

सोलापूरच्या महाविद्यालयांतील इतिहास, समाजशास्त्र व विधी विभागांपुढे या संदर्भात एक कामही आहे. सेटलमेंट व फ्री कॉलनीतील ज्येष्ठ व्यक्तींच्या आठवणी, वसाहतीच्या शाळांचे दप्तर, गिरण्यांची उपलब्ध कागदपत्रे यांचे पद्धतशीर संकलन अद्याप करता येण्याजोगे आहे. हजेरीच्या आठवणी सांगणारी पिढी आता फार थोडी उरली आहे. ज्यांची नोंद एकेकाळी फक्त पोलिसांच्या वहीत होती, त्यांची नोंद त्यांच्याच शब्दांत इतिहासाच्या पानावर व्हावी, ही या शहरातील अभ्यासकांची जबाबदारी आहे.